मोठ्या अमेरिकन आलिशान एसयूव्हीचे रूप कसे पारखावे

सातारा, कराड, वाई, कोरेगाव या भागांतील ज्या घरांतली मुले नोकरीनिमित्त टेक्सासला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झाली आहेत, त्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास येऊन पडतो. मुलगा किंवा जावई मोठी गाडी घेणार असतो, त्याने कॅडिलॅक एस्कलेड, लिंकन नॅव्हिगेटर आणि जीप ग्रँड वॅगोनिअर या तिन्ही गाड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असतात आणि ‘बाबा, तुम्हाला कोणती बरी वाटते?’ असे विचारलेले असते. फोटो पाहून ‘भारदस्त आहे’ एवढेच म्हटले जाते. पण तिन्ही गाड्या भारदस्तच असल्यामुळे त्या उत्तराचा विचारणाऱ्याला काडीचाही उपयोग होत नाही. गाडी आवडणे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग असला, तरी ती का आवडली किंवा का खटकली हे नेमक्या शब्दांत सांगण्याची रीत शिकता येते, आणि तीच येथे मांडली आहे.

या रीतीत पाहण्याचा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी हेडलाइट, मग ग्रिल म्हणजे पुढची जाळी, मग आतला स्क्रीन पाहतात आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे होतात. क्रम याहून निराळा असावा : आधी आकारमान, मग चाक आणि अंग यांचे प्रमाण, मग काचा, मग बाजूचा पत्रा, त्यानंतर तोंड आणि सर्वांत शेवटी आतला थाट. या गाड्या मुळात चौकोनी खोकी आहेत, आणि जी गाडी आपले खोकेपण न लपवता नीटनेटके मांडते तीच दहा वर्षांनंतरही चांगली दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे. खोके लपवण्यासाठी जेथे क्रोम, उगाचच्या रेघा आणि उतरते छप्पर यांची मदत घेतली जाते, तेथे गाडी लवकर जुनी वाटू लागते.

आधी गाडीचे कूळ समजून घ्यावे

नॅव्हिगेटर १९९७ मध्ये, म्हणजे १९९८ चे मॉडेल म्हणून, बाजारात आली आणि ती फोर्डच्या एक्स्पिडिशनवर बेतलेली होती. तिला उत्तर म्हणून कॅडिलॅकने घाईघाईने १९९९ चे मॉडेल म्हणून एस्कलेड आणली. ती पहिली एस्कलेड म्हणजे जीएमसी युकॉन डेनाली या गाडीवर कॅडिलॅकचे चिन्ह आणि थोडी सजावट चढवून केलेली गाडी होती. एस्कलेडला स्वतःचा चेहरा २००२ च्या मॉडेलपासून मिळाला. ग्रँड वॅगोनिअरचे घराणे मात्र जुने आहे. ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी आरेखित केलेली वॅगोनिअर १९६३ चे मॉडेल म्हणून आली, ग्रँड वॅगोनिअर हे नाव १९८४ पासून रूढ झाले आणि बाजूला लाकडी नक्षीची पट्टी चिकटवलेली ती गाडी १९९१ पर्यंत चालली. आताची ग्रँड वॅगोनिअर २०२२ चे मॉडेल म्हणून नव्याने आली आहे.

या तिन्ही गाड्यांच्या पायाशी पिकअप ट्रकसारखी लोखंडी चौकट, म्हणजे चासी, आहे आणि तिच्यावर बॉडी बसवलेली आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानंतर इंधनाच्या खपाचे नियम आले, तेव्हा हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सैल निकष लावले गेले. पुढे कुटुंबाची लांबलचक स्टेशन वॅगन मागे पडून ट्रकच्या चासीवरची गाडी पुढे येण्यामागे हे एक मोठे कारण होते. रूप पारखताना हा इतिहास उपयोगी पडतो, कारण उंच बॉनेट, उंच तळ आणि आत चढण्यासाठी लागणारा फूटबोर्ड या गोष्टी आरेखकाच्या लहरीने आलेल्या नसून चासीमुळे आलेल्या आहेत. आरेखकाला दोष किंवा श्रेय द्यायचे ते चासीने लादलेल्या उंचीचे त्याने पुढे काय केले, याचे.

हा प्रकार आपल्याकडच्या लोकांना अगदी परका नाही. टोयोटा फॉर्च्युनर ही हायलक्स पिकअपच्या घराण्यातली आणि फोर्ड एन्डेव्हर ही रेंजर पिकअपच्या घराण्यातली गाडी आहे. फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले असले, तरी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर थोडा वेळ उभे राहिल्यास एखादी एन्डेव्हर आजही दिसते. वडापच्या, म्हणजे प्रवासी भरभरून नेणाऱ्या, जीपमध्ये लोंबकळत कॉलेजला गेलेल्या पिढीला तर सरळ उभी काच, सपाट बाजू आणि उघडा दणकटपणा यांची ओळख लहानपणापासूनच असते. ती नजर येथे कामाला आणावी.

अंगणात चुन्याने आखून पाहावे

फोटोत आकार कळत नाही, आणि मिलिमीटरचे आकडे वाचूनही कळत नाही. त्यामुळे अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत चुन्याची किंवा रांगोळीची भुकटी घेऊन गाडीचा आराखडा खऱ्या मापाने काढावा. २०२१ पासूनच्या एस्कलेडची लांबी सुमारे ५.३८ मीटर, रुंदी आरसे सोडून सुमारे २.०६ मीटर आणि उंची सुमारे १.९५ मीटर आहे. त्याच आराखड्याच्या आत एका कोपऱ्याला कोपरा जुळवून फॉर्च्युनरचा आराखडा काढावा : लांबी ४.७९५ मीटर, रुंदी १.८५५ मीटर. दोन आराखड्यांमध्ये लांबीला जवळजवळ ५९ सेंटिमीटर आणि रुंदीला २० सेंटिमीटर अशी पट्टी उरते. ती पट्टी पायाखाली आली, की आपण कशाविषयी मत देत आहोत याचा अंदाज येतो.

आता त्या आराखड्याभोवती एक फेरी मारावी आणि ड्रायव्हरच्या जागी बसल्यासारखे एका पाटावर बसून उजव्या-डाव्या कडांकडे पाहावे. आपल्याकडे पार्किंगची जागा साधारणपणे ५ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद धरतात. म्हणजे एस्कलेडचे तोंड किंवा शेपूट जवळपास ३८ सेंटिमीटर बाहेर राहील आणि दोन्ही बाजूंना मिळून ४४ सेंटिमीटर जागा उरेल, ज्यातून दार उघडून माणसाला उतरायचे आहे. शनिवार पेठेच्या गल्ल्यांत किंवा पसरणी घाटाच्या वळणांवर ही गाडी कशी दिसेल याची कल्पना करून तिला नावे ठेवण्याचा मोह होतो, पण तो अन्याय ठरेल. ही गाडी १२ फुटी, म्हणजे सुमारे ३.७ मीटरच्या, आंतरराज्य महामार्गावरील मार्गिकेसाठी आणि रुंद दारांच्या गॅरेजसाठी घडवलेली आहे. गाडीचे आकारमान तिच्या रस्त्याच्या मापाने तोलावे. घाटाच्या मापाने तोलायचे असेल, तर ते ‘आपल्याकडे चालेल का’ या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होते. त्या प्रश्नाचे उत्तर देणेही सोपे आहे : आपल्याकडे नवी मोटार आयात करायची तर तिचे स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे लागते आणि एस्कलेड कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगची निघते, त्यामुळे ‘पाठवून दे इकडे’ हा विनोद विनोदापुरताच ठेवलेला बरा.

चाक आणि अंग

पुढची पायरी फोटोवरच करता येते, पण फोटो योग्य हवा. मोबाइल गाडीच्या जवळ नेऊन काढलेल्या फोटोत तोंड फुगते आणि मागचा भाग आखडतो, त्यामुळे कोणतीही गाडी आहे त्यापेक्षा आक्रमक दिसते. मुलाला सांगावे की, गाडीच्या बरोबर बाजूला उभे राहून दहा-बारा पावले मागे जावे, मोबाइल कमरेच्या उंचीला धरावा आणि दुप्पट झूम करून फोटो काढावा. कंपनीच्या जाहिरातीतील चित्रे या कामाला मुळीच घेऊ नयेत.

असा फोटो हातात आल्यावर पट्टीने टायरसकट चाकाची उंची मोजावी आणि गाडीची एकूण उंची तिच्या किती पट आहे ते काढावे. एस्कलेडला २२ इंची रिमवर २७५/५० मापाचा टायर असेल, तर चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ८३ सेंटिमीटर होतो आणि गाडीची उंची त्याच्या साधारण २.३ पट भरते. फॉर्च्युनरला १८ इंची रिमवर २६५/६० मापाचा टायर असतो, त्याचा व्यास सुमारे ७७ सेंटिमीटर, आणि १.८३५ मीटर उंची त्याच्या २.४ पटीला थोडी कमी पडते. २२ इंची रिम ऐकायला अवाढव्य वाटते, पण एवढ्या उंच अंगाखाली टायरसकट ते चाक फॉर्च्युनरच्या चाकापेक्षा किंचितच मोठे दिसते. मोठी रिम ही या गाड्यांवर चैन नसून प्रमाणाची गरज आहे. याचाच व्यत्यास असा की, स्वस्त प्रकारातील लहान रिम घेतल्यास अंग चाकांवर तरंगल्यासारखे दिसते आणि सगळा रुबाब जातो. पैसे वाचवायचेच असतील तर ते क्रोमच्या पॅकेजवर वाचवावेत, असे मी सुचवीन.

लांबीच्या बाबतीत पुढचे चाक आणि पुढचे दार यांच्यामध्ये किती पत्रा आहे ते पाहावे. हे अंतर भरघोस असले, की गाडीला शक्तीचा आभास येतो, कारण उभ्या बसवलेल्या मोठ्या इंजिनाच्या जुन्या आलिशान मोटारींत तेथे जागा सोडावीच लागत असे. एस्कलेडची लांब आवृत्ती, ईएसव्ही, सुमारे ५.७७ मीटरची आहे आणि तिच्या दोन चाकांमधले अंतर साध्या एस्कलेडपेक्षा जवळपास ३३ सेंटिमीटरने जास्त आहे. त्यामुळे मागचे चाक दारापासून सुटे होऊन मागे सरकते आणि बाजू शांत दिसते. केवळ रूप पाहायचे तर मला ईएसव्हीच उजवी वाटते, जरी ती वापरायला अधिक त्रासाची असली तरी.

काचा आणि पत्रा

काचांची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे आणि ती पुढून मागे सरळ जाते की वर चढते, हे पाहावे. कड चढती असली, की मागच्या प्रवाशांना बाहेरचे कमी दिसते आणि गाडी पुढे वाकून धावत असल्यासारखी भासते. एवढ्या जड गाडीला तो आव शोभत नाही. येथे ग्रँड वॅगोनिअर बाजी मारते. तिच्या मोठ्या, चौकोनी काचा जुन्या वॅगोनिअरची आठवण देतात आणि तिसऱ्या रांगेतील माणसालाही बाहेरचे जग पाहण्याचा हक्क आहे, हे मान्य करतात.

काचांबद्दल एक बारीक गोष्ट आपल्या वाचकांच्या ध्यानात सहसा येत नाही. अमेरिकेतील या गाड्यांच्या मागच्या काचा कारखान्यातूनच गडद येतात आणि त्यामुळे मागचे खांब काचेत विरघळून सगळी काच एकसंध पट्टी असल्यासारखी दिसते. आपल्याकडे नियमाने बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदीच घातली. त्यामुळे तेच आरेखन पारदर्शक काचेसह पाहिल्यास खांब जाडजूड आणि विस्कळीत वाटू शकतात. म्हणून फोटोत काच गडद असली, तरी तिच्यामागचे खांब डोळे बारीक करून शोधावेत आणि त्यांची जाडी एकसारखी आहे का ते पाहावे.

पत्रा पारखण्याची युक्ती एमआयडीसीतील कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये फुकट शिकायला मिळते. तेथील कारागीर रंग झालेल्या दारासमोर बसून दाराकडे पाहत नाही, दारात पडलेल्या ट्यूबलाइटच्या रेघेकडे पाहतो. तो डोके हळूहळू वर-खाली करतो, रेघ पत्र्यावरून सरकत जाते, आणि जेथे ती किंचित थरथरते किंवा तुटते तेथे तो बोट टेकवून ‘अजून पुटी लागेल’ म्हणतो. हीच परीक्षा कारखान्यातील नव्या पत्र्यालाही लागू पडते. दारांपासून मागच्या मडगार्डपर्यंत उजेडाची एक रेघ न तुटता वाहत गेली, तर आरेखकाने पृष्ठभागावर मेहनत घेतली आहे असे समजावे. रेघ मध्येच फुटून तीन ठिकाणी विखुरली, तर पत्र्यावर उगाच घड्या पाडल्या आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बाजूचा व्हिडिओ मागवावा आणि काढणाऱ्याला सावकाश चालायला सांगावे. २०१८ च्या मॉडेलपासूनच्या नॅव्हिगेटरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिची बाजू या परीक्षेत मला सर्वांत संयत वाटते. तिच्यावर रेघा मोजक्या आहेत आणि ज्या आहेत त्या लांबवर जातात.

तोंड

या गाड्यांचे ग्रिल पाहिले, की जुन्या वाड्याचा दरवाजा आठवतो : आत कोण राहते हे सांगण्याचे काम त्याच्याकडे असते आणि गरजेपेक्षा तो मोठाच असतो. मोठेपणाबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ग्रिलच्या कडा बॉनेटच्या आणि दिव्यांच्या रेघांशी जुळतात का, एवढेच पाहावे. एस्कलेडचे उभे मागचे दिवे कॅडिलॅकच्या १९४८ पासूनच्या शेपटीवरील पंखांच्या परंपरेशी नाते सांगतात, आणि रात्रीच्या अंधारात महामार्गावर नुसत्या दिव्यांवरून गाडी ओळखू येणे हे या घराण्याचे मोठे यश आहे. जीपचे सात उभे गाळे आपल्याकडे शाळकरी पोरही ओळखते. लिंकनचा चेहरा या दोघींपेक्षा सौम्य आहे आणि त्यामुळेच अनेकांना तो फिका वाटतो. मला तसे वाटत नाही.

विजेवर चालणाऱ्या एस्कलेड आयक्यूचे २०५ किलोवॉट-तासांची बॅटरी घेऊन वजन ४ टनांच्या आसपास जाते आणि तिच्या पुढे हवा घेण्यासाठी जाळीची गरजच नसल्याने तेथे झाकलेली, उजळणारी ढाल बसवली आहे. दरवाजा उघडणारच नसेल तर तो भिंतीसारखा दिसावा, असे माझे मत असल्याने हा प्रकार मला रुचला नाही. शिवाय तिचे मागे उतरते छप्पर खोक्याला लाजते.

तोंडाची उंची हा केवळ दिसण्याचा विषय नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचे प्रमाण ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक आढळले. ४० इंच म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर. साधारण चार वर्षांचे मूल तेवढ्या उंचीचे असते. घरात लहान नातवंडे असतील, तर बॉनेटची उंची टेपने मोजून मागवावी आणि भिंतीवर खडूने खूण करून पाहावी. ही खूण पाहिल्यानंतर ‘तोंड किती रुबाबदार’ हे वाक्य थोडे जपून उच्चारले जाते, आणि ते तसेच उच्चारले गेले पाहिजे.

आतला थाट

आतल्या भागावर फार वेळ घालवू नये. २०२१ च्या एस्कलेडमध्ये वक्र पडद्यांची एकत्रित लांबी ३८ इंच होती, २०२५ च्या मॉडेलमध्ये ती ५५ इंच झाली आणि २०२५ च्या नॅव्हिगेटरमध्ये डॅशबोर्डवर ४८ इंची पडदा आहे. पडदा चार-पाच वर्षांत जुना वाटतो, लाकूड आणि चामडे तितक्या लवकर जुने होत नाहीत. म्हणून पडदा बंद असताना डॅशबोर्ड कसा दिसतो याचा फोटो मागवावा. तसेच तिसऱ्या रांगेत प्रौढ माणूस बसवून त्याचे गुडघे कोठे येतात तेही पाहावे, कारण सासू-सासरे अमेरिकेला गेल्यावर ती रांग बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

मत कसे कळवावे

तिघींपैकी मला विचारले तर बाजूने नॅव्हिगेटर, काचांसाठी ग्रँड वॅगोनिअर आणि मागून एस्कलेड, असे उत्तर मी देईन. एकच निवडायची तर नॅव्हिगेटर. वाचकाने हे मत उचलू नये, पण मत असेच भाग पाडून द्यावे. ‘चाके अंगाला शोभतात, काचेची कड सरळ आहे, मात्र तोंडावर क्रोम जास्त झाले’ असे लिहून पाठवले, की मुलालाही शोरूममध्ये काय विचारायचे ते कळते. नजर तयार करायची असेल तर सराव येथेही होतो. पुण्याजवळच्या रांजणगावात २०२२ पासून जीप ग्रँड चेरोकीची जुळणी सुरू झाली, ४.९१ मीटर लांबीची ती गाडी चासीवरची नाही, तरी सात गाळे, सपाट बाजू आणि सरळ कड हे घराण्याचे गुण तिच्यात आहेत, आणि पाचगणीच्या पार्किंगमध्ये ती दिसलीच तर फॉर्च्युनरशेजारी उभी असताना पाहावी.

रंगाचा विचार शेवटी. काळा रंग पत्र्याच्या घड्या झाकतो आणि क्रोम उठावदार करतो, पांढरा रंग आकारमान आहे त्याहून मोठे भासवतो, आणि गडद निळा किंवा करडा रंग उजेडाची रेघ सर्वांत स्वच्छ दाखवतो. लांब आवृत्तीकडे कल असेल, तर मत कळवण्यापूर्वी मुलाकडून गॅरेजची खोली मोजून घ्यावी, कारण तिकडची अनेक गॅरेजेस २० फूट, म्हणजे ६.१ मीटर खोल असतात आणि त्यात ईएसव्ही उभी केल्यावर पुढे-मागे मिळून फूटभर जागा उरते, ज्यात गॅरेजचे दार बंद ठेवून डिकी उघडता येत नाही.